चांद्याचे खासदार आणि आपली हरवलेली दोन नावे

आठवीच्या वर्गाला नागरिकशास्त्रात संसद शिकवायची होती. पुस्तकातली लोकसभा, राज्यसभा, सदस्यसंख्या, पात्रता हे सगळं मुलं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. म्हणून या वेळी म्हटलं, आपल्याच मतदारसंघाचा तक्ता करू. १९५२ पासून आजपर्यंत चंद्रपूरमधून कोण कोण दिल्लीला गेलं, कोणत्या पक्षाकडून गेलं, एवढंच. मुलांनी मोबाईलवर शोधलं, घरच्यांना विचारलं आणि कार्डशीटवर रंगीत स्केचपेनने तक्ता काढला. सर्वांत वरच्या ओळीत नाव होतं, मुल्ला अब्दुल्लाभाई ताहेरअली, काँग्रेस. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "सर, ये अपने चांदा के थे? या कहीं और का नाम आ गया?"

मला हसू आलं नाही. कारण चाळिशी ओलांडेपर्यंत मलाही हे नाव माहीत नव्हतं. डी.एड. झालं, बी.एड. झालं, उर्दू आणि मराठी दोन्ही शाळांत शिकवून झालं. पण आपल्या जिल्ह्याचा पहिला खासदार कोण, हा प्रश्न मला कुणी विचारला नाही आणि मीही कुणाला विचारला नाही. कन्नमवार माहीत होते. पोटदुखे माहीत होते. मुल्ला अब्दुल्लाभाई नव्हते.

आधी तक्ताच पूर्ण सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. १९५२ ला मुल्ला अब्दुल्लाभाई ताहेरअली, काँग्रेस. १९५७ ला व्ही. एन. स्वामी, काँग्रेस. १९६२ ला लाल श्याम शाह, अपक्ष. त्यांनी राजीनामा दिल्यावर १९६४ च्या पोटनिवडणुकीत ताई कन्नमवार. १९६७ ला के. एम. कौशिक, पुन्हा अपक्ष. १९७१ ला अब्दुल शफी, काँग्रेस. १९७७ ला अहेरीचे राजे विश्वेश्वरराव, काँग्रेसच्या विरोधात. १९८०, ८४, ८९ आणि ९१ असे सलग चार वेळा शांताराम पोटदुखे. १९९६ ला भाजपचे हंसराज अहीर, १९९८ आणि ९९ ला काँग्रेसचे नरेश पुगलिया, मग २००४, २००९, २०१४ असे तीनदा पुन्हा अहीर. २०१९ ला बाळू धानोरकर आणि २०२४ ला प्रतिभाताई धानोरकर, दोघेही काँग्रेसचे.

पोटनिवडणूक सोडली तर अठरा निवडणुका झाल्या. त्यात काँग्रेस अकरा वेळा, भाजप चार वेळा, अपक्ष दोन वेळा आणि १९७७ चा तो एक निकाल. मुलांनी पक्षाप्रमाणे रंग दिले होते. ऐंशीच्या दशकापर्यंत तक्ता तसा एकरंगी असेल असं मला वाटलं होतं, पण तो मधेच फाटल्यासारखा दिसतो. साठच्या दशकात दोनदा अपक्ष! पूर्वी सगळे डोळे मिटून काँग्रेसला मत द्यायचे, हे आपल्याकडे फार सहज बोललं जातं. चांद्याने तसं केलेलं नाही.

आता पहिल्या ओळीकडे येऊ.

१९५२ साली चांदा महाराष्ट्रात नव्हता. महाराष्ट्रच नव्हता. आपण तेव्हाच्या मध्य प्रदेशात होतो आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या नोव्हेंबरात द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलो. गडचिरोली हा वेगळा जिल्हा १९८२ चा. म्हणजे १९५२ चा चांदा म्हणजे वर्धा नदीपासून थेट इंद्रावतीपर्यंत पसरलेला जिल्हा होता. जंगल अफाट, रस्ते थोडे, गावं विखुरलेली. माडिया, गोंड, कुणबी, तेली, महार, ढिवर आणि तेलुगू बोलणाऱ्या जाती अशी सगळी वस्ती. मुसलमान किती? आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे शंभरात साधारण चार. गडचिरोलीत त्याच्याही निम्मे. तेव्हाही आपण कुठे फार होतो असं नाही.

अशा ठिकाणी काँग्रेसने पहिल्याच निवडणुकीत एका मुसलमानाला तिकीट दिलं आणि तो निवडून आला. नावावरूनच कळतं की माणूस बोहरा. मुल्ला ही पदवी, भाई हा प्रत्यय आणि ताहेरअली हे वडिलांचं नाव, हे सगळं दाऊदी बोहऱ्यांच्या घरातलं. आपल्या बाजारपेठेच्या गावांत बोहऱ्यांची दुकानं जुनी आहेत, हे चंद्रपूरकरांना सांगायला नको. सुन्नी मोहल्ल्यात बसून आपण कौम, कौम म्हणतो, पण बोहरा म्हटला की आपलाही हात जरा आखडतो. चांद्याच्या मतदाराने तो हिशोब केला नव्हता.

हे किती नवं होतं, ते समजायला थोडं मागे जावं लागेल. १९०९ च्या सुधारणांपासून हिंदुस्थानात मुसलमानांचे मतदारसंघ वेगळे होते. मुसलमान उमेदवाराला फक्त मुसलमान मतदार मत देणार. मतदारही सगळे नव्हेत, ज्यांच्याकडे मालमत्ता, करपावती किंवा शिक्षण आहे तेच. जवळजवळ चाळीस वर्षं ही पद्धत चालली. तिने काय दिलं आणि काय हिरावलं यावर ग्रंथ आहेत. मला इतकंच दिसतं की त्या पद्धतीत मुसलमान पुढाऱ्याला गोंडाच्या किंवा कुणब्याच्या दारात जायची गरजच नव्हती. आणि बाकीच्या पुढाऱ्यांना मोहल्ल्यात यायची नव्हती.

घटना समितीने हे संपवलं. धर्मावर आधारलेल्या राखीव जागाही नकोत, असा निर्णय १९४९ च्या मे महिन्यात झाला. त्या चर्चेत मुसलमान सभासद एका सुरात बोलले नाहीत, हे मुलांना सांगण्यासारखं आहे. मद्रासचे मुहम्मद इस्माईल वेगळ्या मतदारसंघांसाठी शेवटपर्यंत अडून राहिले. उत्तर प्रदेशच्या बेगम ऐजाज रसूल यांनी राखीव जागांनाच विरोध केला.

आणि आपल्या भागाचा एक माणूस तिसरंच काही सांगत होता. काझी सय्यद करीमुद्दीन. मध्य प्रांत व वऱ्हाडातून घटना समितीवर गेलेले. त्यांचं म्हणणं असं की वेगळे मतदारसंघ नकोत, राखीव जागाही नकोत, पण प्रमाणशीर प्रतिनिधित्व द्या. म्हणजे एका मोठ्या मतदारसंघातून अनेक प्रतिनिधी निवडले जावेत आणि ज्याला जितकी मतं त्या प्रमाणात जागा मिळावी. हे फक्त मुसलमानांसाठी नव्हतं. विखुरलेल्या कुठल्याही गटाला, लहान राजकीय पक्षालासुद्धा, याने आवाज मिळाला असता. डॉ. आंबेडकरांनी ही सूचना स्वीकारली नाही. त्यांची दोन कारणं होती. ही पद्धत समजायला मतदार साक्षर हवा, आणि तिच्यामुळे सभागृहात इतके तुकडे होतील की सरकार टिकणार नाही. १९४९ चा देश डोळ्यांसमोर आणला तर बाबासाहेबांचं म्हणणं पटतं. तरी करीमुद्दीन यांची सूचना मला जुनी वाटत नाही.

तर अशा पार्श्वभूमीवर चांद्यात पेट्या ठेवल्या गेल्या. पेट्या म्हणजे खरोखरच पेट्या. तेव्हा एका कागदावर सगळी चिन्हं नसायची, प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर त्याचं चिन्ह. मतदाराने हातातली कोरी चिठ्ठी आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची. काँग्रेसचं चिन्ह बैलजोडी. आमची दादी सांगायची, "नाम किसको पढना आता था, बैल की पेटी में डाल के आ गये." तिला उमेदवाराचं नाव आठवत नव्हतं. तिच्यासारख्या बाया आणि रानातून पायी आलेले आदिवासी यांनी बैलजोडीत चिठ्ठी टाकली आणि मुल्ला अब्दुल्लाभाई दिल्लीला गेले.

यावर कुणी म्हणेल, मग त्यात मुसलमान निवडून आला याचं काय कौतुक? लोकांनी बैलाला मत दिलं, नेहरूंना दिलं. बरोबर आहे. त्या वेळी लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा काँग्रेसने जिंकल्या. पण मला नेमकं हेच महत्त्वाचं वाटतं. लोक पक्षाला मत देतात, मग माणूस कोण उभा करायचा हे पक्ष ठरवतो. चांद्यात मुसलमान थोडेच आहेत हे काँग्रेसला १९५२ लाही माहीत होतं. तरी तिकीट दिलं आणि मतदाराने त्यावर शिक्का मारला.

अब्दुल शफी यांचं १९७१ तर आणखी बोलकं आहे. काँग्रेस फुटली होती. बैलजोडी गोठवली गेली होती आणि इंदिरा गांधींच्या पक्षाला नवं चिन्ह मिळालं होतं, गाय-वासरू. म्हणजे चांद्यातून अब्दुल शफी नावाचा माणूस गाय-वासरावर निवडून आला. वर्गात हे सांगितल्यावर मुलं क्षणभर एकमेकांकडे बघत राहिली. आजच्या मुलांना हे पचायला वेळ लागतो आणि त्यात त्यांची चूक नाही. गायीचं नाव निघालं की घरात मोठ्यांचे आवाज खाली जातात, हे त्यांनी पाहिलेलं आहे.

त्याच १९७१ ला अकोल्यातून के. एम. असगर हुसेन दुसऱ्यांदा निवडून आले. अकोल्याची गोष्ट वेगळी आहे, तिथे आपली वस्ती मोठी आहे. १९६२ ला मोहम्मद मोहिब्बुल हक, मग १९६७ आणि ७१ ला असगर हुसेन, म्हणजे अकोल्याने सलग तीन निवडणुकांत मुसलमान खासदार दिला. मग १९८० आणि ८४ ला वाशीममधून गुलाम नबी आझाद. जम्मूच्या डोंगरातला तरुण, १९७७ ला आपल्या घरी विधानसभा हरलेला, तो वऱ्हाडात येऊन जिंकला. स्थानिक कार्यकर्त्यांना काय वाटलं असेल ते सोडा, पण वाशीमच्या मतदाराने त्याला दोनदा निवडलं.

बाकी महाराष्ट्रात पाहिलं तर १९८० ला औरंगाबादमधून काझी सलीम. उर्दूचे विद्यार्थी त्यांना कवी म्हणून ओळखतात, आधुनिक नज्म लिहिणारे. ते खासदार होते हे सांगितलं की चकित होतात. कोकणात १९८४ ला रत्नागिरीतून हुसेन दलवाई आणि कुलाब्यातून बॅरिस्टर अंतुले, १९८९, ९१, ९६ आणि शेवटचे २००४ ला. रत्नागिरी काय, कुलाबा काय, कुठेही एकट्या मुसलमानांच्या मतांवर निवडून येण्यासारखी स्थिती नव्हती. अंतुल्यांना कुणबी, आगरी, मराठा मतदारांनी निवडून दिलं.

आता पुढचा भाग. १९८४ च्या वाशीमनंतर विदर्भातून लोकसभेत एकही मुसलमान गेलेला नाही. चाळीस वर्षं झाली. २००४ च्या अंतुल्यांनंतर २००९ ला राज्यातून शून्य, २०१४ ला शून्य. २०१९ ला औरंगाबादमधून एमआयएमचे इम्तियाज जलील साडेचार हजारांच्या आतल्या फरकाने आले, तेही हर्षवर्धन जाधवांनी मोठी मतं खाल्ली म्हणून आणि वंचितची साथ होती म्हणून. २०२४ ला ते संदिपान भुमरेंकडून हरले आणि पुन्हा शून्य. त्या निवडणुकीत महायुती आणि महाविकास आघाडी या दोघांनी मिळून राज्यातल्या ४८ जागांवर एकही मुसलमान उमेदवार दिला नव्हता. राज्यात आपली संख्या साडेअकरा टक्के आहे.

भाजपकडून मला अपेक्षा नव्हती, म्हणून तक्रारही नाही. माझी तक्रार दुसऱ्यांशी आहे. "तुमचं मत तर आम्हालाच आहे, मुसलमान उभा केला तर हिंदू मतं जातील," हे वाक्य आता कुणी आडून बोलत नाही, समोर बसून चहा पिताना बोलतात. समजूतदारपणाचं वाक्य म्हणून बोलतात. आपल्यातले काही जण त्यावर मानही हलवतात. मी स्वतःही हलवली आहे. पण चांद्याचा तक्ता त्या वाक्याला साथ देत नाही. जिथे आपण थोडेच होतो तिथे दोनदा निवडून आलो, आणि दोन्ही वेळा बाकीच्यांनी निवडून दिलं. तेव्हा दंगली होत नव्हत्या असं नाही, फाळणीला पाच वर्षंही झाली नव्हती. मतदार तेव्हा देवदूत होता असंही नाही. पक्ष तेव्हा विचारायला तयार होता, एवढाच फरक मला दिसतो.

राज्यसभेचा उल्लेख कुणी करेलच. २०२२ ला काँग्रेसने महाराष्ट्रातून इम्रान प्रतापगढींना राज्यसभेवर पाठवलं. उत्तर प्रदेशचे शायर आहेत, मुशायऱ्यात ऐकायला मलाही आवडतात. पण राज्यसभेसाठी भद्रावतीच्या कुठल्याही बाईला रांगेत उभं राहावं लागत नाही. मोहल्ल्याबाहेरच्या माणसाने मोहल्ल्यातल्या माणसाला मत द्यायचं, हा जो अनुभव आहे तो त्यात नाही.

आता तक्त्यातल्या लाल श्याम शाहांबद्दल थोडं सांगायलाच हवं. ते आपले नव्हेत, पण त्यांच्याशिवाय हा विषय अर्धा राहील. पानाबरसचे जमीनदार, गोंड, आता छत्तीसगडमध्ये असलेल्या भागातले. १९६२ ला अपक्ष म्हणून चांद्यातून जिंकले, काँग्रेस जोरात असताना. आणि दोन वर्षांत खासदारकी सोडली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांचं पुनर्वसन आदिवासींच्या जंगलात होत होतं, आदिवासींना कुणी विचारत नव्हतं, हे त्यांच्या राजीनाम्यामागचं दुखणं. निर्वासितांचाही दोष नव्हता, ते तर घरदार सोडून आलेले. चामोर्शी, मुलचेरा भागात बंगाली गावं आजही आहेत आणि ती माणसं आता इथलीच आहेत. पण ज्या सभागृहात आपलं कुणी ऐकत नाही तिथे बसून काय करायचं, असं वाटून खासदारकी सोडणारा माणूस या मतदारसंघाने पाहिला आहे. २००८ च्या फेररचनेनंतर गडचिरोली-चिमूर ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव झाली. तिथून मारोतराव कोवासे, अशोक नेते, नामदेव किरसान निवडून आले. आदिवासींना तिकीट द्यायचं की नाही हा प्रश्न तिथे आता पक्षाच्या मर्जीवर नाही. कायद्याने तो सोडवला. आपला कायद्याने सोडवायचा नाही असं १९४९ ला ठरलं, आणि ते भरवशावर ठरलं. भरवसा बहुसंख्याकांवर होता तसा पक्षांवरही होता.

प्रतिनिधी आपल्याच धर्माचा असावा, असा माझा हट्ट आहे का? मी स्वतःला बऱ्याचदा विचारलंय. नाही. खासदाराने कोळशाच्या धुळीबद्दल बोलावं, माजरी आणि भद्रावतीच्या पोरांना नोकरी कुठे मिळेल ते बघावं, उर्दू शाळांत शिक्षकांची पदं भरली जावीत म्हणून एखादं पत्र लिहावं. हे करायला मुसलमान असण्याची गरज नाही. हंसराज अहिरांनी कोळसा खाणींच्या वाटपाचा प्रश्न लावून धरला, ते काम मी मानतो, त्यांचा पक्ष मला मान्य नसला तरी. बाळूभाऊ धानोरकर आमच्या वरोरा-भद्रावतीचे आमदार होते, मग खासदार झाले. २०१९ ला राज्यात काँग्रेसची एकच जागा आली, ती हीच. मोहल्ल्यात त्या रात्री फटाके फुटले होते. २०२३ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा आमच्याकडच्या माणसांच्याही डोळ्यांत पाणी होतं. प्रतिभाताई अडीच लाखांहून जास्त मतांनी निवडून आल्या, त्यात आपली मतं किती, हे बूथवर बसलेल्यांना माहीत आहे.

फक्त इतकंच आहे की मत देणारा म्हणून आपण दिसतो आणि मत मागणारा म्हणून दिसत नाही. माझ्या वर्गातली मुलगी डॉक्टर होईन म्हणते, मुलगा पोलीस होईन म्हणतो, एकजण यूट्यूबर होईन म्हणाला. इतक्या वर्षांत खासदार होईन असं एकानेही म्हटलेलं नाही. नगरसेवक होईन असं एक-दोघे म्हणाले, त्यापुढे त्यांची नजर जात नाही. ज्या जिल्ह्याचा पहिला खासदार मुल्ला अब्दुल्लाभाई होता, त्या जिल्ह्यातली ही मुलं आहेत.

तक्ता पूर्ण झाल्यावर वर्गाच्या भिंतीवर लावला. दोन दिवसांनी पाहिलं तर पहिल्या ओळीत कुणीतरी पेन्सिलने दुरुस्ती केली होती. मुलांनी "ताहिर अली" असं तोडून लिहिलं होतं, ते खोडून "ताहेरअली" असं सलग केलेलं. कुणी केलं ते विचारल्यावर मागच्या बाकावरच्या त्याच मुलाने हात वर केला. "सर, बाजार में बोहरा चाचा को पूछा. उन्होंने बोला ऐसे लिखते."